छावणीत ऐकलेला अल्बम

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी पहिल्यांदा अशा खोलीत बसलो, जिथे सगळे माझ्यासारखे होते. म्हणजे समलिंगी. हा शब्द मला अजून सहज लिहिता येत नाही, पण दुसरा कुठला वापरला तर खोटं वाटेल. बँकेत नोकरी करणाऱ्या एका दादांचं ते घर होतं. रविवार होता. चहा झाल्यावर कुणीतरी विचारलं, की कोणता अल्बम ऐकताना तुम्हाला वाटलं, हा आपल्यासाठीच केलाय?

एकेक जण सांगू लागला. बरीच नावं इंग्रजी होती, मला एकही माहीत नव्हतं. एक जण म्हणाला, गाणारी बाई जोरात असली पाहिजे, अपमान गिळून पुन्हा उभी राहणारी. दुसरा म्हणाला, नाचता आलं पाहिजे. बँकेतले दादा म्हणाले, "मला तर भजनांची कॅसेट जवळची वाटायची. देवाशी बोलायचं निमित्त करून माणूस काहीही बोलू शकतो." माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "मी एकच ऐकलाय. छावणीत."

"मिलिटरीच्या?"

"जनावरांच्या."

सगळे हसले. मीही हसलो, आणि पुढचं सांगायचं राहून गेलं. ते इथे लिहितो आहे.

आमचं गाव शिरूर कासारच्या बाजूला. आईवडील ऊसतोडीला जायचे, बैलगाडी घेऊन. मी बारावीची परीक्षा दिली त्या उन्हाळ्यात विहिरी तर आटल्याच होत्या, पण बोअरलाही नुसती हवा यायची. सहकारी साखर कारखान्याने माळावर चारा छावणी उघडली. बैल जगले तर पुढचा हंगाम, म्हणून वडिलांनी मला बैलांबरोबर तिकडे धाडलं. जुन्या साड्या आणि हिरव्या जाळ्या बांधून सावली केलेली, तिच्याखाली दावणी. सकाळी उसाचे वाढे, म्हणजे हिरवे शेंडे, यायचे, दुपारी टँकर. फाटकावर चेअरमन साहेबांचा हात जोडलेला फ्लेक्स होता आणि त्यांच्या कौतुकाची गाणी भोंग्यावर दिवसभर वाजायची.

शेजारच्या दावणीला तो होता. माझ्यापेक्षा थोडा मोठा, दहावीनंतर शाळा सोडलेला. त्याची आईही छावणीत राहायची. तिची कंबर गेल्या हंगामात गेली होती, मोळी उचलताना. मी तिला मावशी म्हणायचो. तो माझ्याशी पहिलं वाक्य बोलला ते असं: "तुझा बैल माझे वाढे खायलाय बे. आता दोघं मिळून त्याचे दात काढू."

गाणी त्याच्या मोबाईलमध्ये होती. चौसाळ्याच्या दुकानातून त्याने लग्नात नाचायची गाणी भरून आणली होती, पण दुकानदाराने चुकून एका बाईचा आख्खा अल्बम कार्डात टाकला. आवाज बारीक येई, म्हणून आम्ही फोन दुधाच्या रिकाम्या कॅनमध्ये ठेवायचो. दूध संघाची गाडी यायची बंद झाली होती, कॅन तसेच उपडे पडलेले. कॅनमधून तो आवाज घुमून यायचा आणि भोंगा थोडा मागे पडायचा.

आधी आम्ही त्या बाईला हसलो. आवाज जरा बसका, मागे नुसती पेटी आणि कुठेतरी तबला. नाचायला काहीच नाही. पण दुपारी करायला दुसरं काय होतं? आम्ही ती गाणी ओळीने ऐकायला लागलो, आणि काही दिवसांनी ओळ मोडली तर चुकल्यासारखं व्हायला लागलं. चौथ्या गाण्यात ती ज्याला जीव लावते त्याच्याच हळदीला जाते. सगळ्या बायकांच्या मागे उभी राहते, तिचीही पाळी येते, ती हळद लावते. घरी जाऊन हात धुते आणि दुसऱ्या दिवशी पीठ मळताना पिवळेपणा पुन्हा दिसतो. एवढंच. शेवटी काही होत नाही. कुणी तिच्या मनातलं ओळखत नाही, कुणी तिला घालवूनही देत नाही.

"ह्या बाईला त्या घरात कोण म्हणून बोलवलंय?" त्याने एकदा विचारलं.

"शेजारीण असंल."

"शेजारीण मंग रडती कावून?"

मी बैलापुढचे वाढे सारखे करायला लागलो. तो म्हणाला, "जाऊ दे. ऐक गप."

त्यानंतर ते गाणं लागलं की आम्ही दोघंही बैलांकडे बघायचो. बाजूच्या दावणीचा एक जण ओरडायचा, "काय बे, बायकावानी रडकी गाणी काय ऐकायलाव?" तो उलट ओरडायचा, "तुझ्या म्हशीला आवडत्यात, दूध वाढतंय तिचं!" म्हैस भाकड होती. सगळी दावण हसायची.

खोलीतला तो प्रश्न मला तेव्हा कुणी विचारला असता तर उत्तर आलं नसतं. आता वाटतं, ती बाई कुणाकडे काही मागत नव्हती म्हणून ती आमची झाली असावी. तिला जे वाटत होतं त्याला त्या घरात नाव नव्हतं, तरी ती ते शेवटच्या ओळीपर्यंत गात होती. होईल सगळं नीट, असंही ती कुठे म्हणाली नाही. म्हणाली असती तर आम्ही कार्डातून ती गाणी काढून टाकली असती. पण खात्री नाही. कदाचित शेजारी तो बसलेला असायचा, एवढंच कारण असेल.

मग मुकादम आला. ऊसतोडीच्या टोळ्या जमवणारा माणूस, फटफटीवरून दावणी-दावणीने फिरत होता. आमच्याकडे नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. अर्धा कोयता कुणाला नको असतो.

मुकादम मावशीला म्हणाला, "तुमची कंबर गेली, मालकांचं वय झालं. पोराचं लगीन उरका ज्येष्ठात. अर्धा कोयता मी कुठं नेऊ?"

मावशीशेजारी तो खाली बघून दावं वळत होता. मावशी म्हणाली, एक पोरगी बघितली हाय. आणि मी बोललो. काय बोलतोय ते मला पूर्ण कळत होतं.

"मी जातो ना त्याच्यासंगं. आमी दोघं मिळून एक कोयता."

मुकादमाने मला वरून खाली पाहिलं. "मोळ्या कोण वाहणार?"

"मी."

"आन भाकरी?"

"मीच थापीन. येत्यात मला."

"आरं मंग कुकू बी लाव की!"

सगळे हसले. हातातलं दावं टाकून तो सगळ्यांत मोठ्याने हसला. "लाव बे लाव, मी आणतो बाजारातून. बांगड्याचं माप दे!" मावशी तेवढी म्हणाली, "गप रे. शिकणारं पोरगं हाय, जीव लावतंय म्हणून बोललं."

संध्याकाळी टँकरच्या रांगेत तो माझ्या मागे येऊन उभा राहिला. मी वळलो नाही.

"तसं कावून बोललास सगळ्यांम्होरं?"

"खरंच बोललो."

"म्हाईत हाय मला. खरं होतं म्हणून तर हसलो."

रांग पुढे सरकली. त्याने माझी घागर पायाने पुढे ढकलली आणि आपली उचलली. त्यानंतर तो दुपारी आमच्या दावणीला बसायला आला नाही, आणि मीही बोलावलं नाही.

त्याचं लग्न छावणीपासून जवळच झालं. पाणी नव्हतं म्हणून कारखान्याचा टँकर आणला होता आणि पिंप भरायचं काम माझ्याकडे दिलं. अक्षता पडल्या तेव्हा मी पाइप धरून मांडवाच्या मागे उभा होतो. भोंग्यावरचं मंगलाष्टकाचं शेवटचं कडवं ऐकू आलं, मग टाळ्या, मग डीजे. नवरी मी जेवणाच्या पंगतीत पाहिली. सतरा-अठरा वर्षांची असेल. तिलाही कुणी फार विचारलं असेल असं वाटलं नाही. तिचा राग करायचं मी ठरवलं होतं, ते जमलं नाही.

मी शहरात कॉलेजला आलो आणि दसऱ्यानंतर टोळी गेली. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, त्यामुळे वडिलांना वाटतं मी गप्प असतो तो अभ्यासामुळे.

त्या रविवारनंतर काही दिवसांनी मी त्याला फोन केला. तो राज्याच्या सीमेजवळ उसाच्या कुठल्याशा फडात होता. आधी त्याच्या बायकोने उचलला. "भावजी, कवा येताव? बाळाला बघितलं न्हाई तुमी." मग त्याला दिला. मी विचारलं, ती गाणी आहेत का अजून. तो म्हणाला, फोन पाण्यात पडला, नव्या फोनात ते कार्ड बसत नाही.

 मागे उसाच्या वाळल्या पाचटाचा आवाज येत होता, आणि तान्ह्याचा.

"तिकडं कुणी भेटलं का तुला?" त्याने विचारलं. आवाज खाली आणून.

"कुणी म्हणजे?"

"तुला कळलंय बे."

मी नाही म्हणालो.

"भेटलं तर सोडू नको. लाजत बसू नको." मग जरा थांबून, "मी काय, झालं माझं."

मी बरं म्हणालो. तो मनापासून सांगत होता, हे मला कळत होतं. दुसऱ्या कुणाचा शोध घ्यायला तोच मला पाठवत होता. मला म्हणायचं होतं की मी कुणाला शोधत नाहीये. तेवढ्यात गाडी भरायला आली म्हणून कुणीतरी त्याला हाक मारली, आणि तो "आलो, आलो" म्हणत गेला. फोन बंद करायचा विसरला. बराच वेळ मला फडातली माणसं एकमेकांना ओरडताना ऐकू येत राहिली. त्यात त्याचा आवाज कोणता, ते ओळखता येईना.