न झालेलं मोजमाप

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि खरं तर आजही नाही. आकडे तपासणं हेच माझं काम. त्यामुळे हे लिहिताना स्वतःलाच थोडं विचित्र वाटतंय...

मी मूळचा निपाणीचा. बेंगळुरूला महादेवपुऱ्यातल्या एका छोट्या कंपनीत हवेच्या प्रदूषणाचा अंदाज काढतो. उपग्रह दुपारी वरून जाताना हवेतला धूर, धूळ मोजतो. त्या मोजमापाची फाइल आमच्या संगणकावरच्या मॉडेलमध्ये घातली की अंदाज बराच सुधारतो.

त्या शनिवारी पहाटे मॉडेल चालवलं, त्या रनमध्ये शहराची हवा स्वच्छ दिसत होती. पण आदल्या दुपारची उपग्रहाची फाइल आलेलीच नव्हती. ती साडेआठला आली. माझा सहकारी मंजुनाथ म्हणाला, "स्वल्प थांबा सर, पुन्हा रन करू." केला — तर पूर्वेकडून धुराचा दाट पट्टा शहराकडे सरकताना दिसला. अकराच्या सुमारास पोचणार होता.

माझी मोठी बहीण चामराजपेटला राहते. तिच्या मुलीला, तन्वीला, दमा आहे. गेल्या वर्षी पोरीनं चार दिवस आयसीयूत काढलेत. आणि दहा वाजता तिचा शाळेत स्पोर्ट्स डे होता. मी फोन लावला.

"अरे, आठ दिवस झालं नाचालीय ती," अक्का म्हणाली. "बाहेर बघ की, ऊन कसलं लख्ख पडलंय."

"अक्का, माझं ऐक. आज नको पाठवू."

मग अक्का म्हणाली, "सरी, नाही पाठवत." मागून तन्वीचं रडणं ऐकू येत होतं.

सव्वाअकराला धूर उतरला. शाळेनं शर्यती अर्ध्यावर थांबवल्या. घरात, खिडक्या बंद करूनही, तन्वीला दोनदा पंप घ्यावा लागला. मैदानावर असती तर... तो विचार मी पुरा करत नाही.

सोमवारी ती फाइल उघडायला गेलो, तर सर्व्हरवर नाही. आलेल्या फाइलींची नोंद ठेवणाऱ्या लॉगमध्ये मात्र तिचं नाव, वेळ, सगळं आहे. डेटा पाठवणाऱ्या केंद्राला मेल केला. उत्तर आलं — शुक्रवारी दुपारी उपग्रहावरचं उपकरण देखभालीसाठी बंद होतं, मोजमाप झालंच नाही, त्यामुळे फाइल नाही.

चुकून मॉडेलमध्ये जुनीच फाइल गेली असेल म्हणून मी आणि मंजुनाथनं मागचे सगळे दिवस तपासले. एकही जुळत नाही. मग तो धूर मॉडेलला कुठून दिसला? अजून कळलेलं नाही.

लॉग पाठवून केंद्राशी वाद घालता आला असता. नाही घातला. त्यांच्या मेलला फक्त "मनापासून धन्यवाद" एवढंच उत्तर लिहिलं. कशाबद्दल, हे त्यांनी विचारलं नाही. बरं झालं — मलाही सांगता आलं नसतं.