खुशाली सोडून बाकीचं

मी चौथीपर्यंत शिकले, पण चौथीच्या परीक्षेला बसले नाही. परीक्षेचं केंद्र नरडाण्याला होतं आणि त्याच दिवशी चुलत बहिणीची हळद होती. वडील म्हणाले, परीक्षा पुढच्या वर्षीही असते, हळद नसते. पुढच्या वर्षी शाळेत माझं नावच नव्हतं. वडिलांवर मी राग धरला नाही, तेव्हा बहुतेक मुलींचं तसंच होत होतं. पण परीक्षेच्या खोलीत बसून तीन तास पेपर लिहायचा म्हणजे काय, हे एकदा बघायचं राहून गेलं, आणि ते पन्नाशीपर्यंत राहिलंच.

नव्वद साल उलटल्यानंतरची गोष्ट. आम्ही धुळ्याला देवपुरात राहत होतो. नवरा एसटीच्या वर्कशॉपात होता. मोठ्या मुलाचं लग्न झालं होतं. सून जळगावची, मेहरूणची, बी.ए. झालेली. एका दुपारी तिने मुक्त विद्यापीठाचा फॉर्म आणून माझ्यासमोर ठेवला. दहावी-बारावी नसली तरी चालतं म्हणाली.

"ह्या वयात कॉलेज? लोक काय म्हणतील?"

"लोक तुमच्याकडे पत्रं लिहून घ्यायला येतात, आई. म्हणतील, आता अक्काचं अक्षर आणखी सुधारेल."

सून बोलायला तिखट आहे. पण त्या दिवशी तिने फॉर्म आणला नसता तर पुढचं काहीच झालं नसतं, म्हणून तिचे बाकीचे तिखट बोल मी माफ केले. आधी एक पूर्वतयारीची चाचणी झाली. उत्तरांवर नुसत्या खुणा करायच्या होत्या. ती मी परीक्षेत धरत नाही.

सून म्हणाली ते खरं होतं. आमच्या गल्लीची पत्रं मीच लिहायची. गल्लीतल्या निम्म्या बायकांचे नवरे नाहीतर मुलं सुरतेला कामाला होती. दुपारी बायका पोस्टकार्ड घेऊन यायच्या. पत्राची रीत ठरलेली होती. वर श्री. श्री नसलेलं पत्र म्हणजे मयताचं, ते घरातसुद्धा ठेवत नाहीत. श्रीच्या खाली 'आम्ही सर्व येथे खुशाल आहोत, तुमची खुशाली कळवावी.' घरात काहीही चाललेलं असो, ही ओळ आलीच पाहिजे. वाईट बातमी सरळ लिहायची नाही. कुणी गेलंच असेल तर 'तब्येत जरा नरम आहे, पत्र पाहताच निघणे' एवढंच लिहायचं. वाचणारा समजायचा आणि तिथेच रडायला लागायचा. हे सगळं मला फार चांगलं जमायचं. माझ्या पत्रात कधी खाडाखोड नसायची, आणि मला त्याचा गर्व होता.

वर्ग रविवारी सकाळी कॉलेजात भरायचा. आम्ही वीसेक जण होतो. दोन पोलीस, एक एसटी कंडक्टर, अंगणवाडीच्या चार-पाच बायका, आणि सगळ्यांत म्हातारी मी. लेखनाचा विषय एक मॅडम शिकवत. त्या माझ्या सुनेपेक्षा थोड्याच मोठ्या असतील. त्यांनी पहिल्याच दिवशी नियम सांगितला. दोन स्वाध्याय घरून लिहून आणायचे, दोन्ही पास झाले तरच परीक्षेला बसता येईल. मी मनात म्हटलं, लिहिण्यात आपल्याला कोण अडवतंय?

पहिला स्वाध्याय होता, 'आमच्या घरातला एक दिवस'. मी एका बैठकीत दोन पानं लिहिली आणि दिली. पुढच्या रविवारी मॅडमनी मला पुढे बोलावलं.

"अक्का, हे कुणाला लिहिलंय?"

"तुम्हाला."

"मग मला यातून काय कळलं?"

"आम्ही खुशाल आहोत ते."

वर्ग हसला. कंडक्टर मागून अहिराणीत म्हणाला, "मॅडम, अक्काच्या हिशोबाने बठ्ठं धुळं खुशाल शे."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी माझी एक ओळ वाचली. 'सर्वजण वेळेवर उठले व सर्वांनी आनंदाने जेवण केले.' मग विचारलं, "त्या दिवशी खरंच असं झालं?"

खरं सांगायचं तर त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं. भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून नवरा सुनेवर ओरडला आणि ताट तसंच ठेवून कामाला गेला. सून माहेरी जाते म्हणून पिशवी भरत होती. मी ते सांगितलं आणि वर म्हटलं, "हे कुणी लिहितं का? घरातलं चव्हाट्यावर?"

"इथे तेच लिहायचं आहे. हा स्वाध्याय नापास. दुसरा लिहून आणा, तीन रविवार देते. तो जमला तर हाही पुन्हा लिहून घेईन. आणि वरचं श्री काढा, हा निबंध आहे."

"श्री नाही काढणार. काढलं की मयताचा कागद होतो."

मॅडम नाशिककडच्या. त्यांना हे माहीत नसावं. त्या म्हणाल्या, "बरं, श्री राहू द्या. खुशाल काढा."

मी तणतणत घरी आले. नवऱ्याने विचारलं, "काय कॉलेजकुमारी, पयला नंबर का?" मी त्याला भाकरी वाढली. जन्मभर गल्लीची पत्रं लिहिली आणि लिहिण्यातच नापास झाले, हे त्याला कोणत्या तोंडाने सांगणार होते? परीक्षेची खोली दुसऱ्यांदा हातची जाणार असं मला दिसायला लागलं.

दुसऱ्या स्वाध्यायाचा विषय होता, 'मला आठवणारी एक व्यक्ती'. मी दोनदा बसले आणि दोनदा कागद फाडला. हात आपोआप 'खुशाल' लिहायचा. ते खोडलं की पुढचं वाक्यच सुचायचं नाही. खुशाली सोडून लिहायचं काय, ते मला माहीतच नव्हतं. तिसऱ्या वेळी मी वहीवर 'मॅडम' लिहिलं आणि त्यांच्याशी बोलल्यासारखं जिजीचं लिहायला घेतलं.

जिजी आमच्या भिंतीपलीकडची. विधवा बाई, सगळी गल्ली तिला जिजी म्हणायची. एकुलता एक मुलगा सुरतेला साड्यांच्या कारखान्यात. त्याला पत्र मीच लिहायची. शेवटच्या वर्षी तिच्या पोटात दुखायला लागलं. पत्र सांगताना ती पोटाशी उशी धरून बसायची आणि म्हणायची, "लिख, मी बरी शे."

मी एकदा विचारलं, "जिजी, पोटनं लिखू का?"

"नको माय. तो तठे एकला शे. त्याले कसाले घोर लावस?"

म्हणून मी पत्रात 'माय बरी आहे' असंच लिहीत गेले. जिजी गेली तेव्हा तार करावी लागली. मुलगा आला, सगळं उरकलं, आणि दहाव्यानंतर एका सकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसला. हातात माझी पत्रं होती.

"अक्का, ह्या सहा पत्रं शेतस. सहाईमा लिखेल शे, माय बरी शे. तुम्हले माहीत व्हतं का?"

मी म्हटलं, "हां."

त्याने पत्रं पिशवीत ठेवली, चहासुद्धा घेतला नाही, आणि सुरतेला निघून गेला. मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. ते सगळं मी मॅडमना लिहिलं. दोन पानांची पाच झाली आणि अक्षर इतकं वाईट आलं की लाज वाटली.

मॅडमनी वर्ग संपल्यावर माझ्यासमोर ते वाचलं. मग विचारलं, "वर्गात वाचून दाखवू का?"

"नको."

"बरं," म्हणाल्या आणि खरंच दाखवलं नाही. शिकलेली माणसं 'बरं' म्हणतात आणि चार जणांना सांगून येतात, असा माझा अनुभव होता. त्यांनी तसं केलं नाही. फक्त तिसऱ्या पानावर पेन्सिलने एक ओळ लिहिली. 'जिजी का नको म्हणाली ते आलं. तुम्ही का ऐकलंत?'

ह्या एका ओळीने मला आठवडाभर झोडपलं. मी जिजीला पुन्हा एकदाही विचारलं नव्हतं. का नाही विचारलं? ती दुखावेल म्हणून नाही. पत्र छान उतरत होतं म्हणून. दुखणं लिहायला घेतलं असतं तर खाडाखोड झाली असती, शब्द शोधावे लागले असते. मला माझं अक्षर जिजीच्या पोटापेक्षा जास्त मोलाचं होतं. हे मी लिहिलं, आणि ते पान जोडून दिलं. मॅडमनी त्यावर काहीच शेरा मारला नाही. खाली सही केली आणि 'पास' लिहिलं. मग पहिला स्वाध्यायही मी मीठ, नळ आणि पिशवीसकट पुन्हा लिहिला. तो सुनेने वाचला आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, पण तोही पास झाला.

माझ्याशी खोटं गोड बोलणारी माणसं मला पुष्कळ भेटली. त्या बाईने माझं लिहिलेलं नापास केलं, आणि एवढ्या मोठ्या बाईला नापास कसं करायचं असा विचार केला नाही. तिचे उपकार मी मानते. आईने मला बोलायला शिकवलं आणि गावच्या गुरुजींनी अक्षरं. त्या अक्षरांनी खरं सांगता येतं, हे मला पन्नाशीत तिच्याकडून कळलं.

निकालाचं आधीच सांगून टाकते. लेखनात पास झाले, बाकीच्या दोन विषयांत नापास. पुन्हा बसले नाही. पदवीचा मला सोस नव्हता. अजूनही कुणी विचारलं तर मी चौथी शिकले असंच सांगते.

परीक्षेच्या दिवशी सुनेने मला निळी शाई भरलेली दोन पेनं दिली. वर्गाच्या दारात एक पोरगेला सुपरवायझर उभा होता. मला म्हणाला, "आजी, पालकांनी बाहेर थांबायचं."

"मी पालक नाही. माझा नंबर आहे आत."

त्याने हॉल तिकीट बघितलं, फोटो बघितला, पुन्हा मला बघितलं आणि बाजूला झाला. बाक शाळेचा होता, गुडघे आत मावेनात. कंडक्टर दोन बाक पुढे होता. त्याने मागे वळून हात जोडले. पेपर हातात आल्यावर पहिली दहा मिनिटं मी काहीच लिहिलं नाही. नुसती इकडेतिकडे बघत होते. पंखा कुरकुरत होता, कुणीतरी खोकत होतं, सगळ्यांच्या माना खाली होत्या. ह्याच्यासाठी एवढी वर्षं थांबले होते, तर बघून घ्यायला नको? मग लिहायला लागले. दुसऱ्या तासाला कागद संपले. मी हात वर करून पुरवणी मागितली. सुपरवायझरने ती स्वतः आणून दिली आणि दोराही दिला.

बाहेर नवरा सायकल घेऊन उभा होता. वर्कशॉपातून अर्धी रजा टाकून आला होता, हे मला नंतर कळलं.

"कसा गया पेपर?"

"दुसरा प्रश्न चुकला. तिसरा अर्धा राहिला. पहिला चांगला लिहिला. हात दुखतो आहे, आणि मला भूक लागली आहे."

एवढ्या वर्षांच्या संसारात मी त्याला कशाचंही उत्तर इतकं लांब दिलं नव्हतं. मग त्याने सायकलच्या कॅरियरवरची धूळ हाताने झटकली आणि म्हणाला, "बस."