गोंदाचं निमित्त

शाळेच्या व्हॅनचे मामा म्हणजे गाडी मागे घेण्यातले उस्ताद. आरशात एक नजर, मागच्या काचेतून एक नजर, की गाडी अलगद फाटकाबाहेर. मुलं त्यांना मामा म्हणत, म्हणून मुलांचे आईबापही मामाच म्हणू लागले, आणि त्यांच्या बायकोला न मागता मामीपद मिळालं. अशा उस्तादाच्या हातून गेल्या आठवड्यात भलतंच घडणार होतं. शाळेच्या आवारात व्हॅन मागे घेताना कुणीतरी किंचाळलं. मामांनी कचकन ब्रेक दाबला आणि उतरून पाहिलं, तर मागे पहिलीतली एक मुलगी दप्तर घेऊन उभी. लपलेली नाही, वाकलेली नाही, चांगली समोर दिसेल अशी उभी. तिला खरचटलंसुद्धा नाही. 

मुख्याध्यापिकाबाईंनी सगळं खापर काळ्या फिल्मवर फोडलं. मुलांना ऊन लागू नये म्हणून मामांनीच ती मागच्या काचेवर लावून घेतली होती. फिल्म काढा, काच स्वच्छ करा आणि मगच सोमवारी गाडी आणा, असं बाईंनी सांगितलं. मामांनी मुकाट्याने मान डोलावली. बाईंना त्यांचा नम्रपणा आवडला. मामांना मात्र सुटल्यासारखं वाटत होतं. कारण बरेच महिने एक भीती त्यांचं काळीज कुरतडत होती. समोरच्या पाट्या धूसर दिसतात, त्याचं कारण त्यांनी धुळीवर ढकललं होतं. दिव्यांभोवती वलयं दिसतात, ते दवावर. मागच्या काचेसाठी आता फिल्म आयतीच मिळाली होती. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं म्हणजे त्याच्या एका वाक्यात व्हॅन सुटायची, आणि व्हॅन सोडून दुसरं काही मामांना येत नव्हतं. करावंसंही वाटत नव्हतं.

रविवारी दुपारी ते मागच्या सीटवर उलटे गुडघे टेकून बसले. केस वाळवायच्या यंत्राने फिल्म गरम केली आणि कोपऱ्यातून ओढली. फिल्म चिंध्याचिंध्या होऊन आली आणि गोंद तेवढा काचेवर राहिला. काच पहिल्यापेक्षा वाईट दिसू लागली आणि मामांचा जीव भांड्यात पडला. गोंदामुळे काहीच दिसत नाही, असं त्यांनी मामींना कुणी विचारलेलं नसताना दोनदा सांगितलं.

मामी घरातून ब्लेड घेऊन काच खरवडायला आल्या. मामांनी ते हातातून काढूनच घेतलं. मागच्या काचेवरून आतल्या बाजूने केसासारख्या आडव्या तारा गेलेल्या असतात, थंडीत काचेवर धरलेली वाफ घालवायला. ब्लेड फिरलं की त्या तुटल्याच. हे मामांना डोळे मिटूनही कळत होतं, नखाला तारा लागत होत्या. मग साबणाचं कोमट पाणी मारायचं, गोंद भिजू द्यायचा, प्लॅस्टिकचं जुनं कार्ड तारांना समांतर सरकवायचं आणि शेवटी फडक्यावर स्पिरिट घेऊन पुसायचं, असं काम सुरू झालं. गोंदाच्या काळपट वळकट्या सुटू लागल्या. त्या मामांच्या नखांना चिकटल्या, कोपराला चिकटल्या, मामींच्या चांगल्या टॉवेललाही चिकटल्या. मामी बाहेरून काच पुसत होत्या आणि टॉवेलबद्दल चकार शब्द काढत नव्हत्या. एवढ्यावरूनच मामांनी सावध व्हायला हवं होतं.

गोंद कमी होत गेला तसा मामांचा हात मंदावत गेला. एरवी झटपट काम उरकणारा माणूस, पण आज पुसलेलंच पुन्हा पुसत होता. मधेच पाणी प्यायला गेले. मधेच फडकं बदललं. एका कोपऱ्यातला गोंद तर त्यांनी मुद्दाम राखून ठेवल्यासारखा शेवटपर्यंत ठेवला, आणि तोही निघाला.

तरी काचेच्या मधोमध एक डाग उरला होता. उभा, करडा, कडा पुसट झालेला. मामांनी स्पिरिट घेतलं आणि चोळलं. डाग हलेना. कार्ड फिरवलं, कार्ड गुळगुळीत गेलं. नखाने चाचपलं, नखाला फक्त तारा लागल्या. मामा घामाघूम झाले. हात दुखेपर्यंत त्यांनी तीच जागा घासली.

मग डाग दोन पावलं बाजूला सरकला.

मामांचा हात काचेवरच थांबला. मामी पुसणं आटोपून कधीच मागे गेल्या होत्या आणि हात बांधून उभ्या होत्या. त्या दिवशी ती मुलगीही साधारण तेवढ्याच अंतरावर उभी होती.

 मामी व्हॅनच्या दाराशी आल्या.  नवऱ्याला पत्रं वाचून दाखवणं, रस्ता ओलांडताना नकळत त्याचा दंड धरणं, हे त्या कितीतरी दिवस करत होत्या, आणि मामांना वाटत होतं आपण लपवतोय.

"बाईंना फोन लाव," मामा म्हणाले.  "उद्या दुसरी गाडी बघा म्हणावं."

मामींनी फोन हातात घेतला, पण नंबर लावला नाही. नवऱ्याचा पडलेला चेहरा त्यांना बघवेना.

"गोंद निघाला नाही, असं सांगू का?" त्यांनी हळूच विचारलं.

मामांना ते इतकं हवंसं वाटलं की त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले. मग मान हलवली.

"नको. काच स्वच्छ आहे म्हणून सांग."