आत्याच्या पायाची गाडी

आमच्या घरात हट्टी हा शब्द कुणाला रागाने म्हणत नाहीत, कारण मग आत्याला काय म्हणायचं हा प्रश्न उरतो.

चढाच्या पायथ्याशी तिचं शिवणकामाचं दुकान. दुकान म्हणजे एक खोली, विजेचं एक मशीन, कापायचं टेबल आणि भिंतीवर खडूने लिहिलेली मापं. निम्मी गिऱ्हाइकं चढावर राहणारी, आणि तीही बहुतेक म्हाताऱ्या बायका. त्या खाली उतरू शकत नाहीत, म्हणून मापाला आणि फिटिंगला आत्याच वर जायची. मग तिचा उजवा गुडघा गेला. उभं राहिलं की गप्प, वाकवला की बोंब. डॉक्टरांनी चढायला साफ मनाई केली आणि माझ्या आतेभावाने फोनवरच निकाल देऊन टाकला: मशीन विकायचं, दुकान बंद करायचं, आत्याने त्याच्याकडे राहायला जायचं. मशीनला गिऱ्हाईक ठरवून तो तिला न्यायला येणार होता. प्रेमानेच म्हणत होता बिचारा, पण आत्याला ते पटेना. मशीन गेलं तर दिवसभर मी कोण म्हणून बसायचं, असं तिने मला विचारलं.

एके सकाळी ती भंगारवाल्याकडे जाऊन आली. माझ्या बाबांचं, म्हणजे तिच्या धाकट्या भावाचं, दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज दुकानाला लागूनच आहे. तिथे तिने सामान उतरवलं. लहान मुलाच्या सायकलची चाकं आणि हँडल, कुणीतरी टाकून दिलेल्या बॅटरीवरच्या सायकलची मोटार, मोडक्या पलंगाच्या लोखंडी पट्ट्या.

"हे काय आणलंस?" बाबांनी विचारलं.

"गाडी करून दे मला. मुलं उभ्याने, पायाने रेटत चालवतात ना, तसली. मोटार लावून."

"ताई, तुझं वय काय, गुडघा काय..."

"माझं वय काढू नकोस. वेल्डिंगचं मशीन काढ."

हात बाबांचे, हुकूम तिचा. उभं राहायची फळी जमिनीपासून वीतभरही वर नको, म्हणजे डाव्या पायाने रेटा देताना उजवा गुडघा वाकणार नाही. फळीसाठी तिने स्वतःच्या जुन्या टेबलाचा तुकडा दिला. त्याच्या कडेवर इंचांच्या खुणा अजून होत्या. मागच्या चाकाची चेन सारखी उतरायची. बाबा कंटाळून चहाला गेले, तर ही स्टुलावर बसून चाक सरळ करत राहिली आणि चेन जागेवर टिकेपर्यंत उठली नाही.

गाडी पळाली आणि आत्या पडली. ॲक्सिलरेटर बाबांनी हँडलच्या मुठीत बसवला होता, सगळ्या दुचाक्यांना असतो तसा. समोर मांजर आलं, आत्या दचकली, आणि दचकून तिने मूठच आवळून पिळली. गाडी थांबायच्या ऐवजी उधळली आणि शेजारच्या लॉन्ड्रीतल्या इस्त्री केलेल्या चादरींत घुसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, फक्त चादरींच्या जागी भिंत होती. कोपर चांगलंच सोललं.

"बस झालं आता," बाबा म्हणाले. "हाडबीड मोडलं तर भाच्याला काय तोंड दाखवू मी?"

आत्या मशीनवर जाऊन बसली. संपलं सगळं, असं मला वाटलं. मला रडू येत होतं आणि बाबांचा भयंकर राग आला होता. ती खिसा शिवत होती. तेवढ्यात माझ्या हातून कात्री फरशीवर पडली. आत्या केवढ्यानं तरी दचकली. दोन्ही हातांनी तिने कापड घट्ट धरलं आणि पाय मात्र पायडलवरून उचलला. मशीन जागच्या जागी थांबलं. ती स्वतःच्या पायाकडे बघत बसून राहिली.

"मला परत दचकव," ती म्हणाली.

"असं सांगून कसं दचकवू?"

"मग बाबांना बोलाव तुझ्या."

जन्मभर तिने हेच केलं होतं. सुई बोटाजवळ आली की हात कापड सोडत नाही, पाय उचलला जातो.

"वेग माझ्या पायात दे," तिने बाबांना सांगितलं.

"उभ्याच्या गाडीला पायात कोण देतं?"

"तू देतोस. आत्ता."

शिलाई मशीनच्या जुन्या पायडलमधलं सगळं काढून बाबांनी त्यात ॲक्सिलरेटर बसवला आणि ते फळीत खाच करून सपाट बसवलं. उजव्या पायाची टाच फळीवर, चवडा पायडलवर. मुठीत फक्त ब्रेक ठेवला. आता आत्याने खुशाल दचकावं.

आतेभाऊ आला तो दोन रिकाम्या सुटकेस घेऊन. आत्या चढाच्या तोंडाशी उभी होती, गळ्यात टेप, हँडलला पिशवी. वरच्या एका आजींच्या कोटाचं फिटिंग होतं.

"आई, आधी खाली उतर."

"बॅगा आत ठेव," आत्या म्हणाली. तिने डाव्या पायाने रेटा दिला आणि निघाली. तो मागे धावला, त्याच्यामागे मी. अर्ध्या चढावर उभ्या असलेल्या एका गाडीचं दार एकदम उघडलं. आत्याचा चवडा उचलला गेला, मूठ आवळली गेली आणि गाडी दाराच्या हातभर अलीकडे थांबली. दार बंद होईपर्यंत तिने वाट पाहिली. मग पुन्हा रेटा दिला. आतेभाऊ कमरेवर हात ठेवून धापा टाकत होता.

आम्ही वर पोचलो तेव्हा आजी कोट घालून उभ्या होत्या आणि आत्याच्या तोंडात टाचण्या होत्या. आतेभावाने बोलायला तोंड उघडलं. आत्याने टाचण्या काढल्या.

"आलास? हे टेपचं टोक खाली कडेला धर. मला वाकता येत नाही."

तो गुडघे टेकून खाली बसला आणि कोटाच्या कडेला टोक धरलं. आत्या सांगेल तेव्हाच सोडलं.

उतरताना तो तिच्या मागे धावला नाही. मशीन विकत घेणाऱ्याला फोनवर नाही म्हणत तो सावकाश चालत आला.