भरतीचं पॅकेज

देवबागच्या तुळसाची लेक नम्रता सकाळी मालवणच्या एका संगणक क्लासमध्ये शिकवायची आणि दुपारी तिथल्याच मागच्या खोलीत, कुणी न सांगता, एक लायब्ररी सांभाळायची. भरती-ओहोटीच्या वेळा काढून देणारा हा कोड दुसऱ्या प्रोग्रामांनी वापरायचा, म्हणून ती लायब्ररी. दोन वर्षं तिनं त्यात घातली होती. २००८च्या त्या शुक्रवारी ती लायब्ररी एका मुक्त लिनक्स प्रणालीच्या नव्या सीडीत जायची होती. किनाऱ्यावरच्या तीन मच्छीमार सोसायट्यांत इंटरनेट नव्हतं. सीडीवर येईल तेवढंच त्यांच्या जुन्या मशीनांपर्यंत पोचणार होतं. मुदत संध्याकाळी सहापर्यंत.

चार वाजता दूरच्या सर्व्हरवर बिल्ड, म्हणजे कोडापासून पॅकेज बांधायचा टप्पा, फेल झाला. पायथन-जोडणीची फाइल सापडत नव्हती.

 ही जोडणी, म्हणजे पायथन या संगणकभाषेतून लायब्ररी वापरू देणारा कोड, ऐच्छिक होती. सावंतवाडीच्या कौस्तुभ मास्तरानं चार महिने खपून लिहिलेली, त्याच्या वर्गातल्या मुलांना शाळेत भरतीचे तक्ते काढता यावेत म्हणून. नम्रताच्या मशीनवर पायथन होतंच, त्यामुळे जोडणी आपोआप तयार व्हायची. सर्व्हर कोरा. तिथं ती मुकाट वगळली गेली, आणि पॅकेजमधल्या फाइलींच्या यादीत मात्र तिचं नाव राहिलं. आपल्या मशीनवर सगळं असल्यानं ही चूक तिला कधी दिसलीच नव्हती.

पायथन सक्तीचं केलं तर सोसायट्यांच्या डिस्कवर जागा पुरणार नव्हती. जोडणीचं वेगळं पॅकेज करायचं तर मंजुरीला आठवडा. पाचला लोडशेडिंग.

"त्या डब्यात घोव शोधतंस काय गो?" बाजार आटोपून रिकामी पाटी घेऊन दारात बसलेली तुळसा म्हणाली. "साडेपाचची एसटी चुकतली."

 नम्रतानं जोडणी बंद केली, यादीतली ओळ पुसली आणि पॅकेज पाठवलं. टेलिफोनच्या तारेवरून टक्के मुंगीच्या पायांनी सरकत होते. नव्वद. त्र्याण्णव. पाचला एक मिनिट असताना ते पोचलं, आणि पंखा थांबला.

आता निकाल कोण बघणार? सावंतवाडीत त्या वेळी वीज असायची. सव्वापाचला तिनं कौस्तुभला फोन लावला.

"काय गो, आज मास्तराची आठवण?"

"मस्करी नको. बिल्डचा पान उघड आणि निकाल वाच."

"थांब… अजून चलता आसा."

ती रिसीव्हर कानाला लावून बसली. तुळसा उठून बसस्टॉपकडे निघून गेली. पावणेसहाला तिकडून आवाज आला, "हिरवा आसा! इली तुझी भरती!"

नम्रतानं डोळे मिटले. तिकडे माउसची टिकटिक चालूच होती. मग ती थांबली.

"माझो पायथन खंय?"

"काढलो."

"आदी सांगूचा तरी होता."

"तुका इचारला असता, तर काढूक दिलं असतंस?"



"नाय," कौस्तुभ म्हणाला, आणि त्यानं फोन ठेवला.