ब्राझीलच्या आबांना अनुमोदक

ब्राझील हा देश केज तालुक्यातच आहे, फार तर नांदूरघाटच्या पलीकडच्या माळावर, आणि मधली वाट खराब असल्यामुळे लोक तिकडे जात नाहीत, अशा थाटात बोलणारा माणूस जगात एकच झाला. तो माझा थोरला साडू. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे आक्काचा नवरा. दुष्काळात सारं गाव सकाळी उठून आभाळाकडे बघायचं, साडूभाऊ घड्याळाकडे बघायचे आणि म्हणायचे, "आबा आता निजला असंल." आबा म्हणजे ब्राझीलमधला एक म्हातारा गवई. स्वतःची गाणी स्वतः रचणारा, मांडीवर गिटार घेऊन शेजारच्या माणसाशी बोलावं इतक्या हलक्या आवाजात गाणारा. तिकडे त्याला पोराटोरांपासून सगळे ओळखतात म्हणे. साडूभाऊंनी मात्र त्याचं नाव कधी उच्चारलं नाही. "वयानं मोठ्या माणसाचं नाव घेऊ नये," एवढंच कारण. त्यामुळे बीड जिल्ह्यातल्या त्याच्या समस्त चाहत्यांना, म्हणजे साडूभाऊंना, मला आणि ट्रॅक्टरचे मिस्त्री रशीदभाई यांना, तो आबा म्हणूनच ठाऊक होता.

हे आबा आमच्याकडे आले ते उसाच्या कृपेने. साडूभाऊ सहकारी साखर कारखान्यात शेतकी अधिकारी होते आणि मी त्याच कारखान्याच्या कचेरीत. एका वर्षी संचालक मंडळ ऊस बघायला ब्राझीलला निघालं आणि इंग्रजी बोलायला एक माणूस हवा म्हणून साडूभाऊंना बरोबर घेतलं. शेंगदाण्याची चटणी संपली तसा मंडळींचा उसातला रस आटला. एका संध्याकाळी सगळे हॉटेलात पाय चेपत पडले असताना साडूभाऊ एकटेच बाहेर पडले, गर्दीच्या मागे मागे एका नाट्यगृहात शिरले, आणि उसाच्या नोंदी बोलून ठेवायला कारखान्याने दिलेला छोटा टेपरेकॉर्डर त्यांनी मांडीवर चालू करून ठेवला. परतले ते तीन विकतच्या आणि एक स्वतः भरलेली अशा चार कॅसेटी घेऊन. ऊस कसा काय, असं विचारलं तर म्हणायचे, "ऊस हाय तिथं. लई हाय. पण आबाची तब्येत बरी दिसली."

त्या चौथ्या कॅसेटीत त्यांचा सगळा जीव होता. कार्यक्रम संपतो, आबा उठून आत जातो, टाळ्या विरत जातात. खुर्च्या वाजायला लागतात. आणि त्या सामसुमीत एक माणूस चक्क मराठीत ओरडतो, "आबा, अजून एक होऊ द्या!" लोक हसतात. मग बारीक पावलं वाजतात, खुर्ची करकरते, गिटारीची एक तार हलते. आबा परत आलेला असतो. तो ओरडणारा माणूस म्हणजे आमचे साडूभाऊ. एवढ्या मोठ्या देशातल्या एवढ्या मोठ्या गवयाला केज तालुक्याने माघारी फिरवलं, ही गोष्ट त्यांनी मला इतक्या वेळा सांगितली होती की त्या नाट्यगृहातल्या पडद्याचा रंगसुद्धा मला पाठ झाला होता.

त्या दुष्काळात साडूभाऊंच्या विहिरीने तळ दाखवला. खोल, पायऱ्यांची विहीर. भर दुपारी आम्ही तिच्यात उतरायचो, कारण गारवा म्हणून उरलेली ती एकच जागा होती. गुरं छावणीला गेलेली, गोठे मोकळे, बाभळीवर पाखरू नाही. वर नुसतं पांढरं ऊन आणि गावाला आवाजच उरलेला नाही. रशीदभाई ट्रॅक्टरची बॅटरी खांद्यावरून आणायचे. तळाच्या दगडावर टेपरेकॉर्डर ठेवायचा आणि आम्ही पायऱ्यांवर बसायचो. पहिल्या कॅसेटीत आबा तरणा होता, दुसरीत ढोलताशांच्या संगतीला लागलेला, तिसरीत घसा बसलेला. साडूभाऊंचा जीव तिसरीवर. "पाणी खाली गेल्यावर झरा दिसतोय बघा," असं ते त्या बसलेल्या आवाजाबद्दल म्हणायचे. विहिरीतून तो आवाज वर येताना कुणी गातंय असं वाटायचंच नाही. विहिरीलाच काहीतरी जुनं आठवतंय असं वाटायचं. एकदा वाटेने चाललेल्या एका म्हातारीने तो ऐकला आणि डोक्यावरची घागर तिथेच टाकून ती पळाली. त्यानंतर त्या वाटेने कुणी फिरकेना. साडूभाऊ खूश झाले. "बरं झालं. फुकटे सभासद न्हाई पायजेत," म्हणाले.

सभासद म्हणायचं कारण असं, की जन्म सहकारात गेल्यामुळे साडूभाऊंना ठरावाशिवाय आनंदही घेता येत नसे. गाणं संपलं की एकाने सूचक व्हायचं: "सदरहू गाणं उत्तम झालं असा ठराव मांडतो." मग अनुमोदक लागायचा. आणि अनुमोदकाने लगेच 'मी' म्हणायचं नाही, श्वास दोनदा आत-बाहेर होऊ द्यायचा, असा त्यांचा नियम होता. "झटक्यात हात वर करणारा आधीच चहा पिऊन आलेला असतोय," हा त्यांचा कारखान्यातला अनुभव. एकदा रशीदभाईंनी दुसऱ्या कॅसेटीतल्या गाण्याला अनुमोदन नाकारलं. "हे आबाचं न्हाई साडूभाऊ, बँडवाल्याचं हाय." साडूभाऊंनी त्यांना त्याच जागी निलंबित केलं. रशीदभाई पुढचे कितीतरी दिवस बॅटरी खाली पोचवून वर जायचे आणि भर उन्हात काठावर बसून ऐकायचे. गाण्यांचा अर्थ आम्हा तिघांपैकी कुणालाच कळत नव्हता. मी एकदा विचारून बघितलं, तर साडूभाऊ म्हणाले, "कळून काय पेरणार हाय का तुमी, पाव्हणं?"

आता जे सांगायचं आहे ते मी आजवर बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. त्याच उन्हाळ्यात कारखान्याची सर्वसाधारण सभा आली. चेअरमनचं भाषण टेप करायचं काम माझ्याकडे, आणि ऐनवेळी कॅसेट नाही. मी धावत साडूभाऊंच्या घरी गेलो. ते छावणीवर गेलेले. फळीवर एक बिननावाची कॅसेट होती. कोपऱ्यात पेन्सिलीने केलेली, चौथ्या कॅसेटीची बारीक खूण मला दिसली होती. दिसली होती, हे मुद्दाम लिहितो. फिरवत फिरवत शेवटाला नेली, उरलेली जागा पुरेल असा हिशेब केला, आणि कचेरीतल्या टेपरेकॉर्डरवर भाषण उतरवून घेतलं. घरी येऊन ऐकलं, तर आबा उठून आत जातो, टाळ्या विरतात, आणि चेअरमन म्हणतात, "सभासद बंधूंनो, पाणी येणार आहे."

दुसऱ्या दिवशी साडूभाऊ परत छावणीवर गेले तसा मी दोन टेपरेकॉर्डर घेऊन एकटाच त्यांच्या विहिरीत उतरलो. वर सूर्य डोक्यावर, खाली माझाच श्वास मला ऐकू येतोय. आबा परत येऊन जे गातो, तेच गाणं तिसऱ्या कॅसेटीत होतं. ते एका यंत्रावर लावून दुसऱ्या यंत्राने, कचेरीतल्याच, त्या खराब केलेल्या जागेवर उतरवायचं ठरवलं. टाळ्यांसाठी पत्र्यावर हरभरे ओतले. ओतता ओतता अंगावर काटा आला, कारण तो आवाज टाळ्यांसारखा नव्हता, पत्र्यावरच्या पावसासारखा होता, आणि पावसाचा आवाज कानावर पडून किती काळ लोटला होता. मग मी उभा राहिलो, साडूभाऊंसारखी मान वर केली आणि ओरडलो, "आबा, अजून एक होऊ द्या!" विहिरीने ते शब्द घेतले आणि बऱ्याच उशिराने परत दिले.

पुढच्या बैठकीला साडूभाऊंनी ती कॅसेट लावली. मूळचा आवाज तसाही कापसातून आल्यासारखा होता, त्यामुळे मी मनाला समजावलं होतं. हरभऱ्यांचा पाऊस पडला. माझी आरोळी उठली. साडूभाऊंनी दरवेळेसारखी मान खाली घालायच्या ऐवजी वर केली. रशीदभाईंना म्हणाले, "मागं घ्या." परत ऐकलं. परत मागं. तिसऱ्यांदा मलाही ऐकू आलं. माझ्या आरोळीच्या मागून, दोन श्वासांनी, लांबवरून, जमिनीखालून यावी तशी दुसरी आरोळी येत होती. तेच शब्द. आणि त्याच्याही खाली कुणीतरी सारखं पुटपुटत होतं.

"दोन माणसं हायत," साडूभाऊ म्हणाले.

"विहीर घुमती," मी म्हणालो.

"न्हाई पाव्हणं. मागचा तो मी. माझा आवाज मला कळंना व्हय? पुढचा दुसराच कुणीतरी हाय." त्यांनी बोटाने यंत्र थांबवलं. "मग आबा परत आला तो माझ्यामुळं न्हाई आला. त्याच्यामुळं आला. तो सूचक. मी नुसता अनुमोदक."

"आणि ते मागं पुटपुटतंय कोण?" रशीदभाईंनी विचारलं.

"भाषण करतोय कुणीतरी. एखादा असतोच सगळीकडं."

त्या दिवसापासून साडूभाऊंनी ब्राझीलची गोष्ट आपली म्हणून सांगणं बंद केलं. आता ती त्या दुसऱ्या माणसाची गोष्ट होती, आणि साडूभाऊ त्याला शोधायला लागले. लग्नात, तेराव्याला, घाटनांदूरच्या स्टेशनवर, अनोळखी माणसाशेजारी बसून ते अदबीने विचारायचे, "तुमी कधी ब्राझीलला गेलता का?" एका नवरदेवाला त्यांनी मुंडावळ्या बाजूला करून हे विचारलं. तलवाड्याच्या एका गृहस्थाने चेष्टेने "गेलतो की" म्हटलं, तर त्याला घरी आणून आक्काच्या हातची पुरणपोळी वाढली आणि हळूच म्हणाले, "जरा वरडून दाखवा." आक्का मला म्हणायची, "तुमी तरी समजावा हो ह्यांना. कोण गेलं असंल तिकडं वरडायला?" मी मान हलवून पानावरचा घास चिवडत बसायचो.

सांगावं असं रोज वाटायचं. एका वाक्याचं काम होतं, आणि त्यांचा मान त्यांना परत मिळाला असता. पण दिवस गेले तसं मला दिसायला लागलं की तो दुसरा माणूस साडूभाऊंना सोबतीला मिळाला आहे. परमुलखात, हजार माणसांत, आपल्या भाषेत एकट्याने ओरडण्यात अभिमान होता तसं काहीतरी पोरकंही होतं. ते आता उरलं नव्हतं. मान परत द्यायचा तर तो सोबती काढून घ्यावा लागणार होता. ही माझी सोय होती की माया, हे मला तेव्हा सांगता आलं नाही आणि आजही येत नाही.

पुढे कारखाना बंद पडला, साडूभाऊंनी अंथरूण धरलं. त्यांचा घसा बसला. अगदी तिसऱ्या कॅसेटीतल्या आबांसारखा. एका सकाळी मी उशाशी बसलो होतो. आक्का चहा टाकायला आत गेली होती. ते म्हणाले, "पाव्हणं, तो माणूस घावला तर त्याला येवढं सांगा. आवाज लई चांगला लागला होता म्हणावं. आणि मी मागं होतो म्हणावं. तुमच्या मागंच होतो."

'तुमच्या' ते म्हणाले. निरोप त्या माणसाला होता, तेव्हा शब्द बरोबरच होता. पण म्हणताना ते माझ्याकडे बघत होते. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "सांगतो." त्याच आठवड्यात ते गेले.

तेरावं झाल्यावर दुपारी रशीदभाई आणि मी विहिरीत उतरलो. साडूभाऊंची शोकसभा घ्यावी तशी आम्ही ती कॅसेट लावली. हरभरे पडले, पुढचा ओरडला, मागचा ओरडला. तळात बसून तो मागचा आवाज ऐकवेना. यंत्र बंद करून रशीदभाई वायर गुंडाळायला लागले.

"तुमच्या कचेरीतल्या टेपचं पुसायचं हेड मेलेलं होतं," ते सहज म्हणाले. "नंतर मीच बदललं ते. त्याच्यावर काय बी भरा, खालचं पुरतं पुसतच न्हाई."

म्हणजे मागचा आवाज खरंच साडूभाऊंचा होता, आणि पुटपुटणारे चेअरमन.

"आणि पुढचा आवाज तुमचा हाय. पयल्या दिवशीच वळखला."

"मग बोलला कावून न्हाई?"

"साडूभाऊ बोलले न्हाईत, मी कावून बोलू?"

"त्यांना ठाऊक होतं?"

रशीदभाईंनी बॅटरी खांद्यावर घेतली. "कान त्यांचे, मी काय सांगू?" म्हणाले, आणि एक एक पायरी चढत उन्हात गेले.

मी एकटा उरलो. उठलो आणि, कोण ऐकतंय याची पर्वा न करता, ओरडलो, "आबा, अजून एक होऊ द्या!" विहीर थांबली. श्वास आत, बाहेर, आत, बाहेर. मग तळातून उत्तर आलं. तो घुमारा होता हे मला कळतं. पण घुमारा इतका नियम पाळत नाही. मी घाबरलो नाही, असं म्हटलं तर आणखी एक खोटं होईल. तरी त्यानंतर कितीतरी उन्हाळे मी जात राहिलो. मी ठराव मांडायचो, खालून अनुमोदन यायचं, मग मी घरी येऊन भाकरी खायचो.

गेल्या साली पाऊस बरा झाला. यंदा उन्हाळ्यातही विहिरीत पाणी टिकून आहे, वरच्या पायऱ्यांना लागलेलं, हिरवट, शांत. आक्काने मोटर बसवली, लिंबोणी लावली. सगळं गाव म्हणतं, साडूभाऊंचा आत्मा सुखावला असेल. परवा दुपारी मी काठावर उभा राहिलो आणि हलक्या आवाजात ठराव मांडला. पाण्यावर एक शेवाळाचा तुकडा थोडा सरकला. मी थांबलो, दोन श्वास, मग आणखी दोन. भरल्या विहिरीत घुमारा उठला नाही. लिंबोणीला पाणी सोडायला आक्काने मोटर चालू केली तेव्हा मला बाजूला व्हावं लागलं. ठराव अजून तसाच मांडलेला आहे.