कपाटातल्या चार नव्या टेपा

आमच्या घरी चांगली वस्तू वापरायची नसते. वडील सरकारी नोकरीबरोबर नागपूरहून भोपाळला आले, शिवाजी नगरच्या क्वार्टरमध्ये संसार मांडला गेला, आणि आईचा काचेचा डिनरसेट कपाटात बसला तो बसलाच. आम्ही स्टीलच्या ताटांत जेवलो. या सवयीला मी जन्मभर हसत आले. ती माझ्यातही किती मुरली आहे, हे मला नोकरीत कळलं.

परीक्षांचे निकाल सांभाळणाऱ्या इथल्याच एका कार्यालयात डेटाबेसचा बॅकअप, म्हणजे सगळ्या नोंदींची रोजची दुसरी प्रत, माझ्याकडे आहे. ही प्रत कॅसेटसारख्या टेपवर निघते; संध्याकाळी निघण्याआधी ड्राइव्हमध्ये त्या वाराची टेप घालायची. सोमवारची सोमवारी, मंगळवारची मंगळवारी, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच. टेप झिजते, वेळच्या वेळी बदलावी लागते, हे मला चांगलं ठाऊक होतं. म्हणून तर साहेबांशी भांडून मी स्वस्तातल्या टेपा नाकारल्या आणि चांगल्यातल्या चार मागवल्या. त्या आल्या आणि मला वापरवेनात. जुन्या चालताहेत ना, मग उगाच कशाला फोडायच्या? प्लास्टिकसकट त्या कपाटात ठेवल्या. बुटांच्या खोक्यांत ओल शोषायच्या पुड्या येतात, त्यासुद्धा घरून जमवून आणून मध्ये मध्ये ठेवल्या.

जुन्या टेपांवर काम झालं की स्क्रीनवर ‘बॅकअप पूर्ण’ असं यायचं आणि माझा जीव भांड्यात पडायचा. त्या टेपेतून माहिती परत निघते का, हे मी एकदाही करून पाहिलं नाही. आता स्वतःचाच इतका राग येतो, पण त्या रागाचा कुणाला काय उपयोग?

एका सकाळी सर्व्हर बसला तो उठलाच नाही. सोमवारची टेप अर्ध्यावर अडकली. मंगळवारची वाचलीच जाईना, बाकीच्यांचीही तीच गत. बाहेरून इंजिनियर बोलावला, ड्राइव्ह साफ केला, दुसऱ्या ड्राइव्हवर लावून पाहिल्या. जेवढं वाचलं गेलं त्यात अलीकडच्या वर्षांचे निकाल मिळाले, जुने गेले. कागदी रजिस्टरं तर जागा नाही म्हणून केव्हाच रद्दीत गेली होती.

त्याच आठवड्यात एक मुलगी आली. नर्सिंगची परीक्षा पास होऊन तिला बरीच वर्षं झाली होती. मधला सगळा काळ आईच्या आजारपणात गेला, आणि आता कुठे एका दवाखान्यात पहिली नोकरी लागत होती. तिची गुणपत्रिका खरी असल्याचं आमचं पत्र तिला शुक्रवारपर्यंत हवं होतं.

गुणपत्रिका माझ्या हातात होती. शिक्का आमचा, सही आमच्या जुन्या साहेबांची. खरी होती, मला दिसत होतं. पण पत्रात ‘नोंदीशी पडताळून पाहिली’ असं लिहावं लागतं, आणि तिच्या वर्षाची नोंदच उरली नव्हती. साहेब म्हणाले, “नोंद नसताना मी सही कशी करू?” त्यांचंही चुकलं नव्हतं.

ती रोज दहाला यायची आणि बाकावर बसायची. माझं मराठी ऐकल्यावर ‘मॅडम’ची ‘काकू’ झाली, त्याने मला आणखीच मेल्यासारखं झालं. मी रोज त्याच टेपा पुन्हा लावायचे. काही होणार नाही हे माहीत असून लावायचे, कारण ती बघत असायची.

शुक्रवारी दुपारी मी हात टेकले. मेलेल्या टेपा ठेवायला कपाट उघडलं, तर ती बाकावरून उठून जवळ आली.

“काकू, त्या नई वाल्या तर देखल्याच नाहीत आपण! त्यांच्यात असेल ना?”

तिचा चेहरा एकदम उजळला होता.

“नाही गं. त्या कोऱ्या आहेत. जपून ठेवल्यात.”

“कोणासाठी?” तिने विचारलं. रागाने नाही, खरंच कळावं म्हणून.

मी तिची गुणपत्रिका तिला परत दिली.